आधी नाझीरभायचं गाऱ्हाणं

मामानं भाचीला शब्द दिला, की तू परीक्षा पास झालीस तर तुला गाडी घेऊन देईन. भाची रात्रंदिवस अभ्यास करून पास झाली. मामानं गाडी दिली नाही. भाचीला सल्ला द्या.

हा प्रश्न मला आजही पाठ आहे, कारण त्यानं माझं एक अख्खं वर्ष नासवलं. मी उत्तराचं पहिलं वाक्य लिहिलं होतं: 'दिलेला शब्द मोडणं ही ज्या समाजात लाजेची गोष्ट उरत नाही, त्या समाजाला न्यायालयं हवीत तरी कशाला?' लिहिलं इंग्रजीत, पण वाक्य मूळचं चिपळूणच्या छापखान्यातलं, माझ्या नानांच्या पत्रकातलं होतं. त्यानंतर दोन पानं मी त्या मामाची सालटी काढली. पंचवीसपैकी सहा गुण पडले आणि समासात लाल शाईत एक प्रश्न पडला: 'तू कोणावर ओरडते आहेस?' इंग्लंडचा कायदा म्हणतो, नात्यातल्या माणसांनी आपापसांत दिलेले शब्द कोर्टात चालत नाहीत. ती माणसं बोलली तेव्हा कोर्टकचेरीचा विचार त्यांच्या मनात नव्हता, असं धरून चालायचं. तसं नव्हतं हे भाचीला दाखवता आलं तर तिची बाजू उभी राहते. म्हणजे मामाची बाजू पूर्ण मांडायची, मग भाचीची मांडायची, आणि शेवटी कोणाचं पारडं जड ते थंडपणे सांगायचं. मला थंडपणा जमत नव्हता. जमू नये असंच मला वाटत होतं.

रियाधमधली आमची शाळा ब्रिटिश पद्धतीची होती. आपल्याकडच्या अकरावी-बारावीला तिथे सिक्स्थ फॉर्म म्हणतात. अब्बांच्या कंपनीकडून मुलांच्या फीचा भत्ता मिळायचा म्हणून मी तिथे होते, नाहीतर बाकी सगळ्यांसारखी इंडियन स्कूलच्या पिवळ्या बसमध्ये असते. कायदा हा विषय आम्ही तिघीच घेऊन बसलो होतो. वर्षाच्या मध्यावर कायदा शिकवणाऱ्या मिसची आई आजारी पडली आणि मिस इंग्लंडला गेल्या त्या गेल्याच. बदली शिक्षक मिळाला नाही. दोघींनी विषय सोडून अकाउंट्स घेतलं. उरले मी. सिक्स्थ फॉर्मचे प्रमुख रसायनशास्त्राचे होते. त्यांनी मला बोलावून अगदी सभ्यपणे सांगितलं, की शिक्षक नसताना मुलीला परीक्षेला बसवणं शाळेला योग्य वाटत नाही. तेव्हा पुन्हा एक चाचणी द्यायची, पेपर मिसकडे ईमेलनं जाईल, पास झालीस तर बोर्डाकडे नाव पाठवू. नाहीतर कायदा बंद. मी म्हटलं, शिक्षक नाही हा माझा दोष आहे का? ते म्हणाले, 'नाही.' मग शिक्षा मला का? ते पुन्हा सभ्यपणे हसले. त्या हसण्याची मला अजून चीड येते.

घर रियाधच्या अल मलाझ भागात, तिसऱ्या मजल्यावर. खाली दुकानांची रांग. अभ्यासाचं माझं घड्याळ म्हणजे त्या दुकानांची शटर्स होती. अजान झाली की एकामागून एक धडाधड खाली यायची, नमाज संपली की करकरत वर जायची, आणि मधल्या शांततेत फक्त आमच्या जुन्या एसीची घरघर. माझ्या खोलीची खिडकी समोरच्या इमारतीच्या भिंतीवर उघडायची, म्हणजे उघडायचीच नाही. टेबलाला लागून एक निळी बॅग उभी होती, तिच्याबद्दल पुढे सांगते. टेबलावर मिसच्या नोट्सच्या झेरॉक्स आणि त्यांच्या शेजारी नानांची पत्रकं.

नाना म्हणजे अम्मीचे वडील, खाडीकाठच्या आमच्या गावातले निवृत्त मास्तर. हुंड्याविरुद्ध, मुलींच्या शाळेसाठी, गावात एसटी थांबावी म्हणून, जे जे खटकेल त्यावर ते चार पानी पत्रक छापून आणायचे आणि बाजाराच्या दिवशी वाटायचे. न वाटली गेलेली पत्रकं मामी सुकट आणि बोंबील गुंडाळायला वापरायची. गावाहून कोणी आलं की ती पुडकी आमच्याकडे पोचायची. अम्मी कागद सोडवून, झटकून माझ्याकडे द्यायची. मी मराठी वाचायला शिकले ती त्या कागदांवर. आमच्या घरात क्रांतीला बोंबलाचा वास यायचा. 'बंधूंनो आणि भगिनींनो, किती दिवस झोपणार?' हे वाक्य मी सातव्या वर्षी पलंगावर उभी राहून म्हणायचे आणि अम्मी स्वयंपाकघरातून ओरडायची, 'झोपणार नाहीस तर उतर खाली, भाकरी थाप!'

अब्बांना ती पत्रकं आवडत नसत. ते एका कंत्राटदार कंपनीच्या पर्सोनेल विभागात होते आणि कामगारांच्या कॅम्पमधल्या फलकासाठी सूचना लिहिणं हे त्यांचं काम होतं. 'कळवण्यात येते की' असं सुरू होणारी, कुणालाच न दुखावणारी वाक्यं. मी एकदा म्हटलं, की नाना लिहितात त्याला निदान कणा तरी असतो. अब्बा चहाची बशी खाली ठेवून म्हणाले, 'तुझे नाना पत्रक वाटतात आणि घरी जातात. मी सूचना लावतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच माणसांसमोर जाऊन उभा राहतो.' मला ते तेव्हा भ्याडपणाचं वाटलं. आज मी रत्नागिरीला वकिली करते, रोज त्याच त्या पक्षकारांसमोर उभी राहते, तरीही ते मला पूर्ण पटलंय असं नाही.

चाचणीचा अभ्यास मी स्वयंपाकघरातच करत असे, कारण अम्मीला ऐकवलं की मला आठवायचं. ती घावन काढता काढता ऐकायची. मी सांगितलं, अम्मी, इंग्लंडात मामाचा शब्द कोर्टात चालत नाही.

'म्हणजे वाऱ्यावर?'

'साधारण तसंच.'

'मग त्या लोकांची लग्नं कशी ठरतात गो?' अम्मीनं घावन उलथलं. 'आणि तू हे शिकणार? शिकून इथे कोणाला सांगणार?'

तोच तर माझा संताप होता. ज्या देशात मी तो कायदा पाठ करत होते त्या देशात तो लागू नव्हता, ज्या देशात लागू होता तिथे मी कधी गेले नव्हते, आणि ज्या देशाचा पासपोर्ट माझ्याकडे होता तिथे त्या गुणांना कोण विचारणार होतं ठाऊक नव्हतं. तरीही मला तो हवा होता. मी घरात जन्मभर नुसतं 'जागे व्हा' ऐकलं होतं. जागं झाल्यावर करायचं काय, हे सांगणारी ती पहिलीच पुस्तकं होती.

आता त्या निळ्या बॅगेबद्दल. गावाकडे निघालेल्या माणसाबरोबर इतरांनी सामान पाठवायचं, हा आखातातला अलिखित कायदा. आमच्या गावचा नाझीरभाय सुट्टीवर निघाला होता. सलीममामू, म्हणजे अम्मीचा मामेभाऊ, जिझानला रिफायनरीच्या साइटवर फिटर होता. त्यानं बहिणीच्या निकाहचा जोडा, म्हणजे नवरीचे कपडे, चपला, सगळं एका निळ्या बॅगेत भरून नाझीरभायच्या हवाली केलं होतं, आणि नाझीरभायनं 'पोचली समज' म्हटलं होतं. विमानतळावर अब्बा त्याला सोडायला गेले आणि परत आले ते बॅग घेऊनच. 'वजन जास्त झालं,' एवढंच म्हणाले. तिकडे बहिणीचा निकाह चुलतबहिणीच्या जुन्या जोड्यात लागला. सलीममामूनं ते लग्न फोनवर पाहिलं. महिन्यानं नाझीरभाय सुट्टी संपवून परतला, तेव्हा सलीममामूनं जमातीकडे तक्रार केली.

जमात म्हणजे रियाधमधली आमच्या गावची माणसं. जुम्याची नमाज आणि जेवण झालं, की महिन्यातून एकदा आमच्या घरच्या बैठकीत जमायची, कारण बैठक मोठी होती. वर्गणी, मयत, भांडणं, सगळं तिथेच. प्रमुख काशीमचाचा. त्याचं जुन्या औद्योगिक भागात टायरचं दुकान होतं आणि गावातल्या निम्म्या पुरुषांना त्यानंच इथे आणलं होतं, अब्बांनाही. त्या जमातीची एक रीत होती, ती मी दुसऱ्या कुठल्याही गावाची ऐकली नाही. ज्याची तक्रार असेल त्यानं आधी समोरच्याचं गाऱ्हाणं मांडायचं. समोरचा 'बरोबर' म्हणाला, तरच आपलं सांगायचं. काशीमचाचा म्हणायचा, निम्मी भांडणं इथेच मरतात. आणि फोनवरचं गाऱ्हाणं चालत नसे, तोंड दिसायला हवं. जो येऊ शकत नाही त्याच्यासाठी नात्यातलं कोणीही बोलू शकत असे.

सलीममामूला शुक्रवारीही ड्युटी होती. अम्मी म्हणाली, 'शबाना बोलेल.'

अब्बा हसले. 'आमच्या बॅरिस्टर? सहा मार्कांच्या?'

'सहा तर सहा. तुमचे किती होते कायद्यात?'

चाचणी रविवारी होती. शुक्रवारी दुपारी मी बैठकीच्या दारात, पडदा अर्धा बाजूला करून उभी राहिले. आत कोळंबीच्या पुलावाचा वास, सुलेमानी चहाचे ग्लास, गादीवर टेकलेली सगळी ओळखीची तोंडं. नाझीरभाय कोपऱ्यात मांडी घालून, मान खाली. मी घसा साफ केला आणि सुरू झाले, 'आज आपल्यासमोर प्रश्न फक्त एका बॅगेचा नाही...'

'बाय,' काशीमचाचा म्हणाला, 'बॅगेचाच आहे.'

सगळे हसले. माझे कान तापले.

'आधी नाझीरचं सांग. मग तुझ्या मामूचं.'

मी म्हटलं, 'नाझीरभायचं म्हणणं असं, की वजन जास्त झालं आणि त्यांना स्वतःचं सामान जास्त महत्त्वाचं वाटलं.'

'नाही,' नाझीरभाय म्हणाला.

'बरं. त्यांचं म्हणणं असं, की बॅग फुकट न्यायची होती, उपकार म्हणून, त्यामुळे ती नेलीच पाहिजे असं बंधन नव्हतं.' हे थेट मिसच्या नोट्समधलं होतं.

'नाही गो.' आता तो दुखावल्यासारखा दिसला. 'शब्द दिला होता मी.'

'मग तुमच्या घरी काही अडचण...'

'नाही.'

कोणीतरी म्हणालं, 'बॅरिस्टरीणबाई, पुस्तक बदला!' पुन्हा हशा. मला रडू येईल असं वाटलं आणि त्याचाच जास्त राग आला. इथेही तेच. ज्याची चूक उघड दिसतेय, ज्याच्यामुळे एक मुलगी मागून आणलेल्या कपड्यांत नवरी झाली, त्याचीच बाजू मी का शोधून काढायची? मी चिडून सरळ त्यालाच विचारलं, 'मग तुम्हीच सांगा ना, बॅग का ठेवली?'

नाझीरभायनं माझ्याकडे पाहिलं नाही. त्यानं काशीमचाचाकडे पाहिलं, मग अब्बांकडे, आणि पुन्हा मान खाली घातली. त्या पाहण्यानं माझ्या डोक्यातलं सगळं एकदम थांबलं. मी हळू विचारलं, 'तुम्हाला दुसरं काही न्यायला सांगितलं का?'

'ट्रंक होती,' तो म्हणाला. 'इब्राहिमची.'

इब्राहिम आमच्याच गावचा. ताइफला गुलाबाच्या मळ्यावर कामाला होता, तिथेच वारला आणि तिथेच दफन झाला. त्याचे कपडे, रेडिओ, मुलांसाठी घेऊन ठेवलेलं काहीबाही, सगळं एका ट्रंकेत भरून त्याच्या बायकोकडे पोचवायचं जमातीनं ठरवलं होतं. कार्गोनं पाठवायची जबाबदारी काशीमचाचाची होती. ते राहून गेलं होतं, हे मला आत्ता कळलं. तिकडे त्याच्या चाळिसाव्या दिवसाला माणसं जमणार होती. म्हणून ट्रंक थेट विमानतळावर आली.

मी म्हटलं, 'नाझीरभायचं म्हणणं असं. त्यांनी सलीममामूला शब्द दिला होता आणि तो त्यांना पाळायचा होता. पण विमानतळावर जमातीच्या प्रमुखानं मेलेल्या माणसाची ट्रंक पुढ्यात ठेवली. तिला नाही म्हणता येत नव्हतं, प्रमुखालाही नाही म्हणता येत नव्हतं. म्हणून निळी बॅग राहिली. आणि त्यांना हे इतके दिवस बोलता आलं नाही, कारण ज्यांच्या विसरण्यामुळे हे झालं, तेच आज निवाड्याला बसलेत.'

नाझीरभायनं मान वर केली. 'बरोबर.'

तिथे मी थांबायला हवं होतं असं अम्मी अजून म्हणते. मला नाही वाटत. मी म्हटलं, 'मग चाचा, तुम्ही या निवाड्याला बसू शकत नाही. ज्याचा स्वतःचा संबंध आहे त्यानं न्याय करायचा नसतो.'

काशीमचाचा म्हणाला, 'मग कोण बसेल? तू?'

'कोणीही. तुम्ही नाही.'

'शबाना,' अब्बा म्हणाले. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. 'आत जा.'

काशीमचाचा सुलेमानीचा ग्लास तसाच ठेवून उठला. त्याच्यामागून बाकीचेही उठले; दाराशी चपला शोधण्याची गडबड झाली. अम्मीनं वाफवलेल्या सांदणांचं ताट हातात धरून ठेवलं होतं, ते तसंच परत ओट्यावर गेलं. दार लागल्यावर अब्बा माझ्या खोलीच्या उंबऱ्यात येऊन उभे राहिले. 'त्या माणसानं मला या देशात आणलं. माझा पहिला इकामा, इथे राहायचा परवाना, त्यानं हातात ठेवला. आणि तू त्याला माझ्या घरात उठवलंस. कायदा बंद. शाळेत सांग, अकाउंट्स घेते म्हणून.'

'मी चुकीचं काय बोलले ते सांगा.'

ते वळून बैठकीतले ग्लास उचलायला गेले. शनिवारभर मी अभ्यास करत राहिले, कारण रागात दुसरं काही सुचत नव्हतं. अम्मीनं जेवायला वाढताना एवढंच म्हटलं, 'रविवारी पेपर आहे ना? पेपर देऊन ये. बंद काय करायचं ते नंतर बघू.'

रविवारी सकाळी शाळेत सोडायला अब्बाच आले. बाहेर धुळीचं वादळ होतं, समोरच्या गाड्यांचे दिवे तेवढे दिसत होते. किंग फहद रोडवर गाडी अडकली आणि अब्बा समोर बघत म्हणाले, 'त्या दिवशी ट्रॉली माझ्या हातात होती. निळी बॅग मीच खाली उतरवली. चाचा म्हणाला, सलीमला वजनाचं सांग. मी सांगितलं.'

'मग शुक्रवारी बोलला का नाहीत?'

मागून कोणीतरी हॉर्न वाजवत होतं.

'नाझीरभाय मान खाली घालून बसला होता, अब्बा. महिनाभर त्याला नावं ठेवत होते.'

'ठाऊक आहे,' ते म्हणाले. शाळेच्या फाटकाशी मी उतरले तेव्हा त्यांनी विचारलं, 'पेपर किती वाजता सुटतो?'

पेपरात मामा नव्हता. एका दुकानदाराची आणि एका ग्राहकाची भानगड होती आणि सल्ला दुकानदाराला द्यायचा होता. दुकानदार मला पहिल्या ओळीपासून लबाड वाटला. मी लिहायला घेतलं, खोडलं, पुन्हा घेतलं. नाझीरभाय तीनदा 'नाही' म्हणाला होता ते माझ्या डोक्यात होतं. प्रत्येक वाक्यानंतर मी थांबायचे, दुकानदार याला 'बरोबर' म्हणेल का, एवढंच बघायचे. मजा आली असं म्हणणार नाही. दात ओठ खाऊन लिहिलं. मिसनी जेमतेम पास केलं, हे दहा दिवसांनी कळलं. जे उत्तर मनापासून लिहिलं त्याला सहा आणि जे मनाविरुद्ध लिहिलं त्याला चौदा, हा हिशेब मी आजही कुणाला माफ केलेला नाही.

पण त्या दुपारी यातलं काहीच ठरलं नव्हतं. फाटकाबाहेर अब्बांची गाडी उभी होती, ऑफिसच्या वेळेत. मी बसले. गाडी घराकडे वळली नाही. जुन्या औद्योगिक भागात, काशीमचाचाच्या दुकानासमोर थांबली. अब्बा म्हणाले, 'उतर. बोलायचं मला आहे, तू फक्त उभी राहा.'

चाचा ट्रकच्या चाकाशी वाकला होता. त्यानं आम्हाला पाहिलं, पण उठला नाही. अब्बा त्याच्यासमोर जाऊन म्हणाले, 'चाचा, त्या दिवशी बॅग मी उतरवली. सलीमला खोटंही मीच सांगितलं. येत्या जुम्याला मी जमातीला बोलावून हे सांगणार आहे. तुमचं तुम्ही सांगायचं की नाही, ते तुम्ही बघा.'

चाचानं हात लांब करून कॉम्प्रेसर सुरू केला. त्या आवाजात दुसरं काही ऐकू येणं शक्य नव्हतं. त्यानं चाकात हवा भरली, हातोडीनं टायर ठोकून पाहिलं, पुन्हा भरली. मला वाटलं, आता अब्बा वळतील. ते वळले नाहीत. हात मागे बांधून, ऑफिसच्या बुटांवर धूळ साचत असताना तसेच उभे राहिले. शेवटी कॉम्प्रेसर बंद झाला, आणि अब्बांनी तेच सगळं, शब्दही न बदलता, पुन्हा एकदा सांगितलं.

चाचा गुडघ्यांवर हात टेकून उठला. अब्बांना उत्तर न देता त्यानं माझ्याकडे बोट केलं. 'हिला वकील करणार?'

बोर्डाकडे नाव पाठवायचं की नाही, हे शाळेनं अजून कळवलं नव्हतं. पेपर तपासलाही गेला नव्हता. अब्बांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

'बोर्डाकडे नाव दिलंय,' ते म्हणाले.